पिठाशिवाय आलेले नाणे

या, असे पुढे सरकून बसा. मागे भिंतीला टेकलेल्या माणसाला गोष्ट निम्मीच पोचते, आणि उरलेली निम्मी तो आपल्या मनाने रचतो. आज सांगणार आहे ती गोष्ट दोघांची. त्यांनी एकमेकांचे तोंड कधी पाहिले नव्हते, तरी एकमेकांच्या काळजीने दोघांचीही झोप उडाली होती. अशा गाठी देव कुठे बसून मारतो ते त्याचे त्यालाच ठाऊक. आपण फक्त हात जोडायचे आणि ऐकायचे.

त्यातले एक आमचे चष्मेवाले काका. दुकान एवढेसे. समोर काचेचे कपाट, भिंतीवर खाली खाली बारीक होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता, मागच्या टेबलावर भिंगे घासायचे यंत्र. काकांना नाद एकच, युरोच्या स्मारक नाण्यांचा. युरो चालणारे देश अधूनमधून दोन युरोचे एखादे खास नाणे काढतात. एका बाजूला नेहमीचा नकाशा, दुसऱ्या बाजूला त्या देशाला ज्याची आठवण ठेवावीशी वाटेल ते. कधी पूल, कधी पक्षी, कधी एखादी जुनी शाळा. नाणे खरे, चलनातले. त्यावर भाजीसुद्धा येते. पण नवे निघाले की बँकेबाहेर रांग लागते, आणि एकदा व्यापाऱ्याच्या हाती गेले की त्याची किंमत ऐकून काकू म्हणत, "एवढ्यात तर तो अख्खा पूलच उचलून आणता येईल की हो!"

काकांनाही ती किंमत झेपणारी नव्हती. त्यांनी इंटरनेटवर, नाणी जमवणाऱ्यांच्या एका पानावर, विचारणा टाकली. उत्तर आले ते चक्क एका बेकरीवाल्याचे. "बँक माझ्या दुकानासमोरच आहे. सकाळची भट्टी उरकली की रांगेत उभा राहीन. नाण्याची किंमत आणि टपालखर्च पाठवा, वर काही नको."

दोघांना एकमेकांच्या भाषेचे ओ की ठो कळत नव्हते. मधे फोनवरचे भाषांतर. ते जसे जमेल तसे सांगायचे, आणि यांचे चालून जायचे. काकूंनी त्या माणसाचे नाव ठेवले 'तुमचे पाववाले', आणि घरात तेच रूढ झाले.

पहिले पाकीट आले तेव्हाची गंमत ऐका. काकांनी डोळ्याला भिंग लावले आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. नाण्याच्या कडेच्या खाचांत, काठावरच्या ताऱ्यांच्या कोपऱ्यांत, कागदाच्या घडीत पांढरे पांढरे कण. चुना म्हणावा तर इतका मऊ नसतो. पावडर म्हणावी तर वास नाही. टांकसाळीची काही खूण असेल का? काका अर्धा दिवस त्यातच गुंतले. गिऱ्हाईक येऊन उभे, आणि हे नाण्यात बुडालेले. शेवटी त्यांनी बोटाच्या टोकावर एक कण घेतला आणि जिभेला लावला.

"अहो!" काकू ओरडल्या. "परदेशातून आलेलं वाट्टेल ते तोंडात घालता? लहान आहात का आता?"

"अगं, पीठ आहे! पाववाल्यांच्या हाताचं पीठ!"

भट्टीवरून उठून तो माणूस तसाच रांगेत जाऊन उभा राहिला असणार. काकांना ते चित्र इतके आवडले, की त्यांनी ते नाणे पुसलेच नाही. पुढेही एकही पुसले नाही. प्रत्येक नाणे त्याच्या त्याच कागदात, पिठासकट. नाणेवाले मित्र हसायचे, "काका, नाणी जमवताय की कणीक मळताय?" काका म्हणायचे, "नाणं काय, हजारो लोकांकडे असेल. हे पीठ मात्र माझ्यासाठी आलंय."

पण ही गोष्ट त्यांनी पाववाल्यांना कधी कळवली नाही. पिठाचा विषय काढला तर तक्रार केल्यासारखे वाटेल, अशी त्यांना भीड. आणि ही भीडच पुढे नडली.

यंदाचे पाकीट आले. नाण्यावर दीपस्तंभ होता, सुरेख. गोल पारदर्शक डबीत ठेवलेले. काकांनी भिंग लावले. लखलखीत. घडी झटकली, उजेडात धरली. काही नाही. तेवढ्यात फोनवर निरोप आला: "यापुढे थेट टांकसाळीकडून मागवा. ते माझ्यापेक्षा चांगले देतील. इतकी वर्षे सांभाळून घेतलेत, आभारी आहे."

काकांनी भिंग काढून टेबलावर ठेवले.

"झालं काय?" काकूंनी विचारले.

"हा त्यांचा हात नव्हे. नाणं दुसऱ्या कुणीतरी पाठवलंय. आणि हा निरोप बघ, कुणी असं बोलतं का? जाताना बोलतात असं."

"काहीतरीच! विचारा की सरळ, बरे आहात ना म्हणून."

"विचारलं, आणि नको ते उत्तर आलं तर?"

चार दिवस काकांचे कशात लक्ष नव्हते. एका आजोबांना त्यांनी आजींचा चष्मा दिला, आणि आजोबा म्हणाले, "वा, आता स्पष्ट दिसतंय!" तेही काकांना खटकले नाही. एरवी आजोबांना हाका मारत रस्त्यापर्यंत धावले असते.

शेवटी लेक पुढे झाली. ती परस्पर पाववाल्यांना निरोप पाठवून मोकळी झाली, की बाबांना तुम्हाला पाहायचे आहे. मग तिने फोन टेबलावर उभा केला. "बाबा, बसा इथे. आता पळायचं नाही."

"अगं, पण मी बोलू काय? त्यांना कळणार काय?"

"तो फोन सांगेल. तुम्ही तोंड तरी उघडा."

पडदा उजळला आणि त्यात एक आडदांड गृहस्थ दिसले. गळ्यात एप्रन, कान लालबुंद. जिवंत! काकांनी डोळे मिटून मनातल्या मनात देवाला हात जोडले. डोळे उघडले तर पाववाले मान खाली घालून बसलेले, शाळेत वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखे.

ते काहीतरी बोलले. फोनने आपल्या कोरड्या आवाजात सांगितले, "मी लाजिरवाणा आहे. एक नाणी विकणारा पाव घ्यायला आला. तो म्हणाला, नव्या नाण्याला उघडा हात लावला की त्याची किंमत संपते. मी तर पिठाच्या हातांनी लावत होतो. दरवर्षी. तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत. मला वाटले, सज्जन माणूस आहे, सोसतो आहे. यंदा मी हातमोजे घातले."

काका एकदम उठले. "थांबा! थांबा म्हणावं त्यांना!" आणि कपाट उघडून सगळी पाकिटे टेबलावर ओतली. एक नाणे काढून त्यांनी फोनच्या कॅमेऱ्यासमोर आपले भिंग धरले, आणि पलीकडे पडद्यावर, तारा केवढा तरी मोठा होऊन, त्याच्या कोपऱ्यातला पिठाचा कण दिसला असणार. कारण पाववाले पुढे वाकले. त्यांच्या नाकाशिवाय काही दिसेना.

"पुसलं नाही," काका म्हणाले. "एकही पुसलं नाही. मीच सांगायला हवं होतं, राहून गेलं. उलट यंदा पीठ नाही म्हणून मला वाटलं, तुम्ही..."

काकू मागून म्हणाल्या, "जेवले नाहीत हो चार दिवस धड! तेही सांग गं त्यांना."

फोनने हे सगळे भाषांतर करून सांगितले. पाववाल्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकले. हसत होते की काय, ते कळले नाही. खांदे मात्र हलत होते. मग ते म्हणाले, "मलाही झोप नव्हती. मोजे घालून नाणे बोटांतून सारखे निसटत होते. रांगेतले लोक हसले मला."

"आता हसतील ते आपल्याला!" काका म्हणाले, आणि दोघेही हसत सुटले. त्या हसण्याचे भाषांतर काही फोनला जमले नाही. गप्पच बसला बिचारा.

पुढच्या नाण्याच्या दिवशी पाववाल्यांचा फोन आला तो थेट रांगेतून. मागे बँकेचे बंद दार, आजूबाजूला कोट घातलेली माणसे. वेळ झाली, दार किलकिले झाले, आत कुणीतरी मान हलवली. नाणी आज आलीच नव्हती. गाडी वाटेत अडकली म्हणे. लोक चिडून पांगले. पाववाले पायरीवर बसले. काकांनी गिऱ्हाइकाला बसायला सांगितले. आणि मग त्या दोघांनी गुडघेदुखीपासून मुलीच्या हट्टापर्यंत जे म्हणून बोलायचे राहिले होते ते बोलून घेतले. ते गिऱ्हाईक म्हणजे मीच. तासभर बसून होतो. चष्म्याची मला तशी घाई नव्हती.

आता एवढेच मागतो. नाण्यांचे राहू द्या. पण ज्याच्या काळजीने तुमचा घास अडतो, आणि ज्याला ते तुम्ही अजून सांगितलेले नाही, असा तुमचा कुणी असेलच. घरी जाताना त्याची एकदा आठवण काढा. आणि जमले तर त्या पायरीवर बसलेल्या पाववाल्यांचीही.