सगळंच काढावं लागेल

काळं, रबराचं, नाण्याएवढं काहीतरी कुंडीतल्या मातीत अर्धं रुतलेलं होतं, आणि पाणी घालता घालता ती थांबली. अंगठ्यानं माती खरवडली तेव्हा वायसर निघालं. मधोमध भोक, भोकाभोवती गंजाचं तांबूस कडं, आणि बाहेरची कड पुरती गोल नाही — एके ठिकाणी किंचित चपटी, कात्री वळवताना हात जरा थांबला असावा अशी. बाजारातलं असतं तर गोल असतं. हे यांनी कापलेलं. सायकलच्या जुन्या ट्यूब कुठून कुठून गोळा करून आणल्या होत्या, छपराच्या बोल्टांखाली घालायची विकतची वायसरं दोन उन्हाळ्यांत चिरतात म्हणून, आणि जेवणाच्या टेबलावर बसून आठ दिवस कापत होते. मुलगी तेव्हा शाळेत, ती दहा-दहाचे ढीग लावत होती... आणि मी काय म्हणाले होते? टेबलाला रबराचा वास येतोय, आवरा आता. दुसरं काही म्हणाल्याचं काही केल्या आठवत नाही.

वर हातोडा वाजत होता. आज कामाचा शेवटचा दिवस. माडीवरच्या खोलीला नवं छप्पर बसलं होतं, निळं, चकचकीत, रस्त्याच्या टोकावरून दिसणारं. आता नुसत्या कडा दाबायच्या आणि पन्हळ लावायची राहिली होती. संध्याकाळी कंत्राटदाराची माणसं शिडी काढून नेतील आणि घर पुन्हा दोघांचं होईल. याची ती तीन आठवडे वाट पाहत होती. आता दिवस आला तर वाटत होतं, अजून चार दिवस ठोकाठोक चालली तरी चालेल — आवाज असला की बोलावं लागत नाही.

वादळ झालं त्या दिवशी गल्लीत प्रत्येकाचं काही ना काही गेलं. कुणाची खिडकी, कुणाची भिंत, शेजारणीची तर पाण्याची टाकीच चार घरं पलीकडे जाऊन पडली. त्यांच्याकडे मागच्या झाडाची जाडजूड फांदी माडीवर आली आणि तीन पत्रे घेऊन गेली. तीनच. बाकीचं छप्पर जागच्या जागी, एक बोल्टही हललेला नाही, असं ते स्वतः अंगणात उभं राहून, कपाळावर आडवा हात धरून वर बघत म्हणाले होते. आवाजात थोडा तोराही होता. का नसावा? सतरा वर्षांपूर्वी एका लांब रजेत त्यांनी ते छप्पर एकट्यानं घातलं होतं. आयुष्य वजनमापांच्या कचेरीत गेलं, दुकानदारांचे तराजू तपासण्यात. केसभर फरक चालायचा नाही. घरातही नाही. चहात साखर जास्त झाली तर ते किती जास्त झाली तेही सांगत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली तेव्हा शिडी भिंतीला लागलेली होती.

त्या शिडीकडे पाहून ती घाबरली होती, हे खरं आहे. ते खोटं नाही, बाकी काहीही असो. आदल्या वर्षी दिवा बदलताना तिसऱ्या पायरीवरून ते भोवळ येऊन पडले, मनगट मोडलं, दोन महिने त्यांना शर्टाची बटणं तिनं लावली. एकोणसत्तर वय. आणि हे आता माडीवर चढणार, ओल्या पत्र्यावर! पण सांगून ऐकतील तर ते कसले. ‘चढू नका’ म्हटलं की ‘मग कोण चढणार?’ हा प्रश्न ठरलेला, आणि त्याचं उत्तर कुणी दिलं की त्या माणसाच्या कामातल्या दहा चुका ठरलेल्या. म्हणून तिनं डोकं चालवलं. डोकं चालवलं हाच शब्द तिनं तेव्हा स्वतःशी वापरला होता, आणि वर थोडं हसूही आलं होतं. न्हाणीघरात जाऊन तिनं नळ सोडला आणि गल्लीतल्या कुणीतरी दिलेला कंत्राटदाराचा नंबर लावला.

“तीनच पत्र्यांचं काम आहे,” ती हळू आवाजात म्हणाली, “पण तसं म्हणू नका. तीन म्हटलंत तर हे स्वतःच चढतील. सगळंच काढावं लागेल म्हणा. मुळातच काम चुकलंय म्हणा. तुम्ही त्यातले आहात, तुमचं ऐकतील.”

पलीकडून तो म्हणाला, “काही काळजी करू नका ताई. मी बघतो.”

आणि त्यानं बघितलं! शेजारणीचा कंत्राटदार आगाऊ रक्कम घेऊन जो गेला तो गेलाच. कोपऱ्यावरच्या मास्तरांच्या भिंतीला तर नव्या गिलाव्यासकट भेग पडली. संध्याकाळी बायका फाटकाशी जमल्या की आपापल्या कंत्राटदाराच्या नावानं बोटं मोडायच्या, आणि तिला विचारायच्या, तुमचा कसा आहे हो? चांगला आहे, ती म्हणायची. वेळेवर येतो, सामान बरं वापरतो, माणसं नीट आहेत. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. त्यानं लुबाडलं असतं तर किती बरं झालं असतं... तिलाही चारचौघींत उभं राहून त्याला शिव्या देता आल्या असत्या. पण त्या माणसानं तिनं सांगितलं तेवढंच केलं. थोडं जास्त केलं, एवढंच.

पहिल्या दिवशी पाहणीला आला तेव्हा कमरेवर हात ठेवून तो अंगणात उभा राहिला होता. वर गेला, दोन-चार ठिकाणी ठोकून पाहिलं, खाली आला, हात झटकले. “काका, राग मानू नका,” तो म्हणाला, “पण उतारच चुकलाय. सांधेही चुकीच्या बाजूला घेतलेत. हे वाऱ्यानं गेलेलं नाही, हे कधीतरी जाणारच होतं. सगळंच काढावं लागेल. आणि खरं सांगू का, नशीब तुमचं. इतकी वर्षं याच्याखाली माणसं वावरली आणि कुणाच्या डोक्यावर आलं नाही.”

हे शेवटचं मी सांगितलं नव्हतं. देवाशप्पथ नव्हतं सांगितलं.

“असं का?” ते म्हणाले. मग जरा वेळानं, “मी मोजलं होतं.” कुणाला उद्देशून ते कळलं नाही. आणि मग ते तिच्याकडे वळले — उभ्या संसारात कामाच्या बाबतीत त्यांनी तिला असं पहिल्यांदाच विचारलं — “तुला काय वाटतं?”

इथे थांबता आलं असतं. अजूनही ती रोज इथेच येऊन थांबते. भांडी घासताना, कुलूप लावताना, केस विंचरताना ती त्या अंगणात परत जाते, त्यांचा तो वळलेला चेहरा पाहते, आणि प्रत्येक वेळी दुसरं काहीतरी बोलते. त्या दिवशी मात्र ती म्हणाली, “ते रोज हेच काम करतात. त्यांना कळणार की आपल्याला?”

आणि ते म्हणताना — हे तिनं आजवर स्वतःलाही नीट सांगितलेलं नव्हतं, आज त्या वायसरची चपटी कड बोटाखाली फिरवताना ते सरळ समोर येऊन उभं राहिलं — ते म्हणताना तिला बरं वाटलं होतं. काळजी मिटली म्हणून बरं वाटलं ते वेगळं. हे त्याच्या शेजारचं, छोटंसं, आंबटगोड. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी यांना म्हणालं होतं, तुमचं चुकलं. गॅसची शेगडी कशी ठेवावी, पडद्याची दोरी कुठल्या बाजूला असावी, लिफाफा कसा फोडावा, सगळ्याला यांच्याकडे एकच योग्य पद्धत, आणि ती माझी कधीच नव्हती... एक क्षणभरच बरं वाटलं होतं. पण वाटलं होतं.

वायसर तिनं कुंडीच्या कडेवर ठेवलं आणि चहा टाकायला आत गेली.

भिंतीवरचं घड्याळ सव्वाचारवर थांबलेलं होतं. आठवडा झाला. पूर्वी असतं तर तासाभरात ते टेबलावर उघडं पडलं असतं, भिंग, चिमटा, जुन्या वर्तमानपत्रावर ओळीनं मांडलेले बारीक स्क्रू, आणि कुणी पंखा लावला तर घरात ओरडा. आता ते मनगटावरच्या घड्याळात वेळ बघतात आणि काही म्हणत नाहीत. मागच्या बुधवारी शेजारीण अडकलेला मिक्सर घेऊन आली. गल्लीतल्या अशा वस्तूंचा दवाखाना त्यांच्याच घरी. “दुकानात दाखवा वहिनी,” ते म्हणाले. “उगाच माझ्या हातून बिघडायचा.” शेजारीण हसली, तिला वाटलं थट्टा. मग दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्याच दिवशी त्यांनी हत्यारांची पेटी कंत्राटदाराच्या माणसांपुढे नेऊन ठेवली — बघा, काही उपयोगाचं असलं तर. माणसांनी एक पान्हा घेतला, बाकी पेटी जिन्याखाली गेली.

पडू नयेत म्हणून केलं. पडले नाहीत. ठणठणीत आहेत, खुर्चीत आहेत, पेपर वाचतात... हेच तर हवं होतं ना तुला?

चहाचे पेले घेऊन ती माडीवर गेली. मिस्त्री एकटाच होता, पन्हळीचे आकडे ठोकत. वयानं यांच्याहून दहाएक वर्षांनी लहान असेल, बोलायला कमी. पेला घेऊन तो खिडकीच्या कट्ट्यावर टेकला आणि वर नव्या पत्र्याकडे पाहत राहिला.

“बाई, जुनं काम कुणाचं होतं?”

“का?” तिनं विचारलं.

“काढताना घाम फुटला आमचा. मला वाटलं अर्ध्या दिवसात उतरवू, दोन दिवस लागले.” त्यानं फुंकर मारून घोट घेतला. “एकेका बोल्टाखाली दोन-दोन वायसर, हातानं कापलेली. सांधे वाऱ्याची दिशा बघून घेतलेले. असं आता कुणी करत नाही. आम्हीसुद्धा नाही. फांदी आली म्हणून तीन गेले. नाहीतर अजून वीस वर्षं बघायला नको होतं.”

तिनं हातातला दुसरा पेला कट्ट्यावर ठेवला.

“मी आमच्या मालकाला म्हटलं होतं, तीन बदलू आणि मोकळे होऊ. ते म्हणाले, घरच्यांनीच सगळं काढायला सांगितलंय.” मिस्त्रीनं तिच्याकडे पाहिलं नाही, पाहिलं असतं तर बरं झालं असतं. “आता तुमच्या घरचं तुम्हाला ठाऊक. पण तोडताना हात धजत नव्हता, म्हणून विचारलं.”

“ह्यांनी केलेलं होतं,” ती म्हणाली.

“खालच्या काकांनी?” मिस्त्री उठूनच उभा राहिला. “मग सांगतो की त्यांना! कारागीर माणसाला बरं वाटेल.”

“नको,” ती म्हणाली. इतक्या घाईनं म्हणाली की तिचं तिलाच ऐकवेना. “खाली काही बोलू नका. त्यांना... त्रास होईल.”

मिस्त्रीनं पेला ठेवला, मान हलवली आणि पुन्हा आकडे ठोकायला लागला. म्हणजे आता हेही झालं. तीन आठवड्यांपूर्वी एक खोटं बोलले त्याला निदान शिडीचं कारण होतं. आज एक खरं वाक्य आपल्या पायांनी खाली चाललं होतं, आणि मी जिन्यात आडवी उभी राहिले... ते कुणासाठी? त्यांच्यासाठी? पायऱ्या उतरताना तिनं कठडा घट्ट धरला. सांगून टाकावं. आत्ता, मिस्त्री घरात आहे तोवर. म्हणजे रागावले तरी फार बोलणार नाहीत. तुमचं काही चुकलं नव्हतं. मीच त्याला सांगितलं होतं. दोन तर वाक्यं. पण दुसरं वाक्य सांगितल्याशिवाय पहिलं सांगता येत नव्हतं, आणि पहिलं सांगायचं म्हणजे हेही सांगायचं की ते चांगलं, वीस वर्षं टिकणारं छप्पर आपण दोघांनी अंगणात उभं राहून तोडू दिलं.

ते खिडकीजवळच्या खुर्चीत होते. पेपर मांडीवर, घडी न मोडलेला. ती समोर बसली.

“झालं का वरचं?”

“होत आलं.”

“हे नीट बसलंय ना? तू बघितलंस?”

“अहो,” ती म्हणाली.

“काल तू बाजारात गेलीस तेव्हा मी पोरीला फोन केला,” ते म्हणाले. तिच्या ‘अहो’कडे त्यांचं लक्ष नव्हतं; बरेच दिवस मनात जुळवलेलं बोलत असावेत तसं ते सावकाश बोलत होते. “तिला विचारलं, तुला त्या खोलीत कधी भीती वाटायची का. पावसात वगैरे. ती हसली. म्हणाली, बाबा, घरातली सगळ्यात शांत झोप तिथेच लागायची.” त्यांनी पेपरची कड सरळ केली. “तिला काय माहीत. मी रोज तिला त्याच्याखाली झोपवत होतो. परीक्षेच्या वर्षी तर दिवसरात्र तिथेच. मोजलं होतं गं मी. दोनदा मोजलं होतं. तरी चुकलं. आता रोज डोळ्यांसमोर तेच येतं... पत्रा येतोय आणि ती खाली वही घेऊन बसलीय.”

वर हातोडा थांबला होता.

“तिला सॉरी म्हटलं मी,” ते म्हणाले. “कधी म्हटलं नव्हतं तिला. गोंधळलीच ती.”

“अहो, ऐका ना माझं—”

“तू कशाला वाईट वाटून घेतेस?” त्यांनी हात पुढे करून तिच्या मनगटावर ठेवला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं जे तिनं या माणसाच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं, ओशाळलेलं, मऊ, लहान झालेलं. “तू वेळेवर माणूस बोलावलास. मी शिडी लावून बसलो होतो, पुन्हा तसंच घातलं असतं. मी आयुष्यभर तुझं ऐकलं नाही, हे मला आता कळतंय. तू होतीस म्हणून.”

ती त्या हाताकडे पाहत राहिली. वाक्य तोंडात तयार होतं, दोन्ही वाक्यं तयार होती, नुसते ओठ उघडायचे होते. आणि ते तिच्याकडे पाहत होते, विश्वासानं, ती म्हणेल ते खरं मानायला तयार असलेल्या माणसासारखे. लग्न होऊन या घरात आली त्या दिवसापासून तिनं यांच्यासाठी भीती बाळगली होती — प्रवासाची, तापाची, रक्तदाबाची, शिडीची — आणि त्या भीतीला ती माया समजत आली होती. आज पहिल्यांदाच तिला यांची भीती वाटली.