अंगदने लावलेली कोकरं

नांदेडच्या डॉक्टरांनी अंगदच्या डोक्याचा फोटो बघून साफ सांगितलं होतं, आता एक जरी ठोसा वर्मी बसला तर पोरगं हाताला लागायचं नाही. पण ऐकेल तो अंगद कसला.

पुसेगावच्या शिवारात कुस्त्या मारणारं हे धनगराचं पोरगं आठ वर्षांपूर्वी पुण्याला गेलं आणि एमएमए की काय म्हणतात, त्या खेळात शिरलं. जाळीच्या पिंजऱ्यात दोघांना सोडायचं, हात-पाय-गुडघे जे लागेल ते हाणायचं, आणि बघणाऱ्यांनी टाळ्या पिटायच्या. कसला डोंबलाचा खेळ. त्याच्या बापाला, दगडोबाला, तो कधी पटला नाही. तरी पोरानं पहिल्या नऊ लढती जिंकल्या तेव्हा तो गावभर छाती काढून हिंडला, खोटं कशाला बोला. मागच्या तीन लढतींत मात्र अंगद तिन्ही वेळा बेशुद्ध पडला होता.

आता दिल्लीच्या लढतीचं बोलावणं होतं. ट्रेनर अमरसिंगला दिवस मावळायच्या आत हो-नाही कळवायचं होतं.

"मला काय बी झालं न्हाई, आबा," अंगद सकाळपासून हेच घोकून राहिला होता. "समदं आठवतंय मला. तुमी काहून घोर करून राहिले?"

शेवटी दगडोबा वैतागला. "बरं. आज कोकरं तू लाव. समदी बराबर लागली तर जाय दिल्लीला, मी आडवा येत न्हाई. एक जरी चुकलं तर त्या अमरसिंगला न्हाई म्हणून कळव."

"एवढंच?" अंगद हसला.

मेंढ्या दिवसभर रानात आणि कोकरं मागं कोंडलेली. मेंढ्या परतल्या की एकेक कोकरू उचलून त्याच्या आईला पाजायला लावायचं, तोंड बघून. अंगद सहा वर्षांचा असल्यापासून हे काम गप्पा हाणत करायचा. ही अकरा कोकरं तर तो पुण्याहून घरी परतल्यावर, त्याच्या डोळ्यांदेखत जन्मली होती.

दिवस कलला, मेंढ्या आल्या. दगडोबा दगडावर बसून बिरोबाला विनवायला लागला. एक चुकव देवा, एकच. बाप असून पोराच्या हरण्यासाठी हात जोडायचे, लाज वाटत होती त्याला, पण करतो काय.

अंगदनं पहिलं कोकरू एका मेंढीला लावलं. मेंढीनं हुंगलं आणि ढुशी मारून लोटून दिलं. दगडोबाचा जीव भांड्यात पडला.

दुसरंही चुकलं. तिसरंही. अंगद कोकरू काखेत धरून मेंढ्यांच्या तोंडाकडं बघत राहिला, परक्या गावच्या स्टँडवर उतरल्यावर माणूस बघतो तसा. मग मघाचंच कोकरू त्यानं मघाच्याच मेंढीला पुन्हा लावलं. तिनं पुन्हा ढुशी मारली. दाराशी चंद्रभागाबाई उभी होती. लेकाकडं बघवेना तसा तिनं तोंडाला पदर लावला.

दगडोबा मनात म्हणाला, आता बस कर देवा. एकच म्हणालो होतो मी.

अकराच्या अकरा चुकली.

"आबा," अंगद हळू आवाजात बोलला, "ह्या समद्या सारख्याच दिसून राहिल्या मला."

दिलेला शब्द त्यानं पाळला. अमरसिंगला फोन लावून जमणार नाही म्हणाला. पलीकडून काय काय बोलणं झालं ते त्यानं ऐकून घेतलं आणि फोन बंद केला. दगडोबाला हवं ते झालं होतं. पोरगं आता पिंजऱ्यात जाणार नव्हतं.

"मग आता म्या काय करू, आबा?"

ह्याचं उत्तर दगडोबानं सकाळीच ठरवून ठेवलं होतं. कशाला पायजे ती दिल्ली, आपली मेंढरं हायेत, बापलेक मिळून राखू. एवढंच म्हणायचं होतं. अकरा कोकरं भुकेनं ओरडत होती आणि अंगद त्याच्या तोंडाकडं बघत उभा होता. दगडोबाला ते म्हणवेना.