पायाखालची फडफड

मोतीराम साळवे एसटीतून निवृत्त झाले तेव्हा डेपोत त्यांचा सत्कार झाला. या माणसाच्या बसनं कधी कुत्र्यालाही धक्का लावला नाही, असं एका साहेबानं भाषणात सांगितलं. त्यानंतर घरच्या छोट्या गाडीनं मोतीरामांनी आधी स्वतःच्याच घराचं फाटक ठोकलं. मग शेजारच्या कडुबाची उभी मोटरसायकल. मग फकिराचा उसाच्या रसाचा गाडा. लागलं कुणाला नाही, पण रस प्यायला उभी असलेली माणसं ग्लास टाकून पांगली.

दर वेळी मोतीराम एकच सांगायचे. "ब्रेक दाबला होता. गाडीनंच सोडला."

मुलगा सुयश हे ऐकून घ्यायचा आणि डॉक्टरकडे नंबर लावायचा. डोळे तपासून झाले, गुडघे झाले, साखर झाली. सगळं वयाच्या मानानं बरं निघालं. तरीही सुयश गाडीची चावी आपल्याच खिशात ठेवायला लागला.

"काळजीपोटी करतंय पोरगं," चंपाबाई नवऱ्याला म्हणाल्या.

"व्हय," मोतीराम म्हणाले आणि पिशवी घेऊन पायीच भाजीला गेले.

शेवटी सुयशनंच गाडी छावणीतल्या एका गॅरेजात नेली, वडिलांना सोबत घेऊन. गाडीत काही दोष नाही हे त्यांना कुणा जाणकारानं एकदा तोंडावर सांगावं, एवढाच त्याचा हेतू. गॅरेज नवरा-बायकोचं होतं. राजकुमार खोलण्या-बसवण्याची कामं करायचा आणि सुलेखा गाडीतलं इलेक्ट्रॉनिक काम बघायची.

सुलेखानं स्टिअरिंगखाली स्कॅनरची वायर जोडली, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ब्रेकच्या सिस्टीममधे एकबी दोष नोंदलेला नाय."

कोर्टात निकाल आपल्या बाजूनं लागावा तसा सुयशचा चेहरा झाला. "ऐकलं ना अप्पा?"

"ऐकलं."

सुलेखानं वायर मात्र काढली नाही. "काका, नेमकं काय होतं ब्रेक दाबल्यावर?"

मोतीरामांना काय होतं ते आजवर सगळ्यांनी विचारलं होतं. ब्रेकला काय होतं ते कुणी विचारलं नव्हतं.

"वेगात काय नाय," ते म्हणाले. "गाडी थांबत आली, आता उभीच राहणार, तेव्हा पायाखाली पेडल फडफडतं. मुठीत पाखरू धरल्यावानी. खालून घरघर येती अन् गाडी हातभर पुढं सरकती."

"तुम्हाला होतं का असं?" तिनं सुयशला विचारलं.

"मला कधीच नाही."

"ब्रेक कसा मारता?"

"कचकन दाबतो. थांबली पाहिजे ना गाडी."

"काका?"

"हळूहळू. बसमधे माणसं उभी असायची."

"मग काकाच चालवतील," सुलेखा म्हणाली.

सुयशनं चावी दिली आणि मागं बसून पट्टा लावला. सुलेखा पुढं बसली, स्कॅनर मांडीवर. पडद्यावर चारी चाकांचे वेग चार आकड्यांत दिसत होते. छावणीतल्या मोकळ्या रस्त्यावर मोतीराम गाडी पळवायचे आणि सावकाश थांबवायचे. पुन्हा पळवायचे, पुन्हा थांबवायचे. एका झाडाजवळ पेडल फडफडलं, खालून घरघर आली आणि गाडी पुढं सरकली.

"दिसलं," सुलेखा म्हणाली. "पुढचं डावं. तीन चाकं फिरतायत अन् हे एकटंच शून्य दाखवतंय."

"म्हणजे?" मागून सुयशनं विचारलं.

"चाक जाम झालं, आता घसरणार, असं गाडीला वाटतं. घसरू नये म्हणून ती ब्रेक सोडती. चाक तर फिरतच असतं."

"मग मघाशी दोष का नाही दाखवला?"

"गाडीच्या मते तिनं बरोबरच केलं. दोष म्हणून कशाला नोंदवील?"

मोतीरामांना डेपोतले दोन-तीन साहेब आठवले.

गॅरेजात राजकुमारनं चाक काढलं. आत एक दातेरी कडं होतं. सेन्सर त्याचे दाते मोजतो आणि त्यावरून चाकाचा वेग काढतो, असं सुलेखानं सांगितलं. कड्याला आरपार तडा गेला होता. हळू चालताना तो तडा सेन्सरसमोर आला की मोजणी हुकायची.

राजकुमारनं कड्याची कड अंगठ्यानं चाचपली. "हे हातोड्यानं ठोकून बसवलंय. गाडी कुठं खोलली होती?"

मोतीराम म्हणाले, "कुठंच नाय." मग त्यांनी सुयशकडे बघितलं.

सुयश चाकाकडे बघत होता. "सोयगावला," तो म्हणाला. "लग्नाला गेलो तेव्हा दगडावर गेली होती. रस्त्यावरच्या एकाकडून दुरुस्त करून घेतली."

"फाटकाच्या आधी का नंतर?" मोतीरामांनी विचारलं.

"आधी."

मोतीरामांनी मान हलवली. राजकुमार नवं कडं बसवायला लागला.

काम झाल्यावर सुलेखानं पुन्हा चक्कर मारायला लावली. चारी आकडे एकत्र उतरत शून्यावर आले. सुयशनं चावी परत मागितली नाही.

घरी जाताना क्रांती चौकात सिग्नल लाल होता. मोतीरामांनी लांबूनच हलका पाय ठेवला. शेजारी बसलेल्या सुयशनंही पाय ताणून खालची मॅट जोरात दाबून धरली. गाडी पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे गुपचूप उभी राहिली.

"त्या बाजूला ब्रेक नाय," मोतीराम म्हणाले.

"माहीत आहे." सुयशनं पाय मागं घेतला. "अप्पा, त्या दगडाचं मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं."

"केवढा होता?"

सुयशनं दोन्ही हात फाकवून दाखवले. मोतीरामांनी ते अंतर मापल्यासारखं बघितलं.

"एवढा दिसला नाय तुला?"

"नाही."

सिग्नल हिरवा झाला. मोतीरामांनी गिअर टाकला.

"उद्या नंबर लावतो," ते म्हणाले. "डोळ्याच्या डॉक्टरकडं."