एक डास कमी

"साहेब, हलू नका!" म्हणत मामांनी साहेबांच्या टकलावर डास मारायची रॅकेट टेकवली. चटकन ठिणगी उडाली. साहेबांचा उरलासुरला केस जळाला. डास तिथं नव्हताच.

प्रयोगशाळेतले डास वाढवणं हे मामांचं काम. सकाळी पिंजऱ्यात हात घालायची कापडी बाही हातातून निसटली आणि तापाचा विषाणू पाजलेली एक मादी उडाली. तिचं प्रेत सापडेपर्यंत दार उघडायचं नाही, हा नियम. आत तिघं: मामा, साहेब आणि विषाणूवाल्या मॅडम.

भिंतीवरचा फोन वाजला. दवाखान्यातून मामांची बायको बोलत होती. "अहो, आईंना धाप लागलीय. डॉक्टर म्हणतात, भेटून घ्या. सारखं 'धाकट्याला बोलवा' चाललंय त्यांचं."

"निघालोच," म्हणून मामांनी बंद दाराकडे बघितलं. "साहेब, एवढं एकदा उघडा हो."

"मामा, ती बाहेर गेली तर अख्खं गाव आडवं होईल. मी तरी काय करू?"

मॅडम टेबलाखाली शोधत होत्या. "विषाणूचं बघा, त्याला दार फोडावंच लागत नाही. नुसता पेशीला चिकटतो, की तीच त्याला पाहुणा समजून आत ओढते. मग तिच्याच चुलीवर हा आपली पिलावळ शिजवतो."

"नशीबवान आहे लेकाचा," मामा म्हणाले.

फोन पुन्हा वाजला. मामांनी तो उचललाच नाही. हातमोजा ओढून काढला, बाही दंडापर्यंत सारली आणि उघडा हात पुढे धरून खोलीच्या मधोमध उभे राहिले.

"वेड लागलंय का?" मॅडम किंचाळल्या. "हा ताप तुम्हाला एकदा होऊन गेलाय! आता हिच्यातला दुसऱ्या जातीचा विषाणू अंगात शिरला, तर अंगातले जुने पहारेकरीच त्याला हाताला धरून पेशीत नेतील. जिवावर बेतेल, मामा!"

"ये गं बाई," मामा पुटपुटले. "लवकर ये."

ती आली. मनगटावर बसली, चावली. मामांनी थाप मारली.

दार उघडलं. साहेब सुटले, मॅडम सुटल्या. मामांना मात्र शेजारच्या जाळीच्या खोलीत घातलं. डास चावलेल्याला दोन आठवडे तिथंच ठेवायचं, हा दुसरा नियम मामांना घाईत आठवलाच नव्हता.

"अहो, विषाणू रक्तात वाढायला काही दिवस लागतात, आज यांच्यापासून कुणालाच धोका नाही!" मॅडम रडकुंडीला आल्या.

"नियमात 'आज' असं काही लिहिलेलं नाही," साहेब टक्कल चोळत म्हणाले.

शेवटी मॅडमनी आपला फोन जाळीला टेकवून धरला. पलीकडं बायकोनं तिचा फोन आईच्या कानाला लावला.

"कुठवर आलास रे?"

"दारातच आहे, आई. चपला काढतोय."

मामांनी खाली बघितलं. पाय अनवाणीच होते. चपला मघाशीच निर्जंतुक करायला वाफेच्या भट्टीत गेल्या होत्या.