शून्य तक्रारी

वायूला स्वतःचा वास नसतो. पाइपातून घरोघरी जाणाऱ्या वायूत शहराबाहेरच्या केंद्रात एक उग्र द्रव थेंबथेंब मिसळतात, म्हणून गळती झाली की माणसाला कळते. तो वास नीट मिसळला आहे की नाही, हे रोज सकाळी हुंगून पाहणे हे तिचे काम. अकरा वर्षे ती ते करत होती. केंद्रात सगळे तिला ‘नाकवाल्या बाई’ म्हणत.

त्या सकाळी तिने तपासणीच्या उपकरणापाशी नाक नेले, श्वास घेतला आणि वहीत बरोबरची खूण केली.

“येतोय, काका. खणखणीत.”

पंपवाले काका नळीपाशी वाकले होते. ते हसायलाच लागले. “बाई, चावी अजून उघडलीच नाही मी! आमच्या घामाचा वास घेतलात की काय?”

तीही हसली. मग हसू ओसरले. वास आला होता. सडक्या कोबीसारखा, घशात उतरणारा. ती खोटे बोलली नव्हती.

“उघडा आता.”

काकांनी चावी उघडली. तिने पुन्हा हुंगले. वास अगदी तोच होता, तेवढाच.

तिने फरशी पुसायचे फिनेल आणि पाण्याची बाटली आणवली, डोळे मिटले आणि काकांना एकेक बाटली नाकाखाली धरायला सांगितले. पहिलीत काही नाही. दुसरीतही काही नाही. तिने डोळे उघडले, समोर फिनेलचे लेबल दिसले, आणि त्याच क्षणी फिनेलचा वास दरवळला.

तीन आठवड्यांपूर्वी ती सर्दीतापाने अंथरुणाला खिळली होती. तेव्हाच नाक गेले असणार. त्यानंतर रोज तिने वास घेतला नव्हता, फक्त आठवला होता. मग इतके दिवस मनापासून ‘येतोय’ म्हणणारी ती कोण होती?

“तुमचं नाक गेलं म्हणून वायूचा वास थोडाच गेला?” काका म्हणाले. “द्रवाचा पंप चालू आहे. ऐका की.”

पंप घरघरत होता.

“द्रवाच्या टाकीची पातळी बघितलीत?”

“तुम्ही रोज ‘येतोय’ म्हणायचात, मग पातळी कशाला बघू? आणि इथे बसून बसून माझं नाक तर केव्हाच मेलंय.”

दोघे टाकीपाशी गेले. एकोणीस दिवसांपूर्वी गाळणी साफ केल्यावर काकांनी पातळीच्या काचेवर पेन्सिलीने रेघ मारली होती. द्रव अजून त्या रेघेला टेकलेला होता. गाळणीसाठी बंद केलेली झडप उघडायची राहून गेली होती. पंप रिकामाच फिरत होता.



ती साहेबांच्या खोलीत धावली. साहेबांनी ऐकून घेतले आणि मागच्या फळ्याकडे बोट केले. “एरवी दिवसाला पाच-सहा फोन येतात गळतीचे. हे बघा, एकोणीस दिवस शून्य. गळती असती तर लोक गप्प बसले असते?”

“त्यांना कळणार कशाने, साहेब?”

साहेबांनी फोन ओढून घेतला.

मुख्य झडप बंद झाली. भोंगे लावून गाड्या निघाल्या. पण जो वायू आधीच बंद खोल्यांत आणि फरशांखाली साठला असेल, त्याला परत बोलावता येत नव्हते. तिने जुन्या पाइपांच्या गल्लीतल्या घरांची यादी घेतली आणि एकेक फोन लावायला बसली.

काका दारात येऊन उभे राहिले. “देवाचंही आपण असंच करतो, बाई. तो दिसत नाही म्हणून खूण लावायची, मग खुणेलाच धरून बसायचं. खूण गेली की म्हणायचं, तो नाहीच.”

“आणि तो असतो?”

“कुणास ठाऊक. पण हा वायू आहे.”

सातवा फोन एका आजींनी उचलला.

“वास? छे गं. उलट हल्ली घर कसं स्वच्छ वाटतं. दुपारचं डोकं जड होतं तेवढंच.”

“आजी, काहीही पेटवू नका. दिव्याचं बटणसुद्धा दाबू नका. तशाच बाहेर या. घरात वायू साठला असेल.”

“तुला गं काय माहीत? तिथे बसून वास आला तुला?”

‘हो, आला’ म्हटले असते तर काम झाले असते. एकोणीस दिवस ती तेच म्हणत आली होती. आज जीभ उचलेना.

“नाही, आजी. मला वासच येत नाही.”

“मलाही येत नाही. मग झालं तर!” आजी समजूत घातल्यासारख्या हसल्या. “उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस. चल, ठेवते, चहाची वेळ झाली.”

“आजी!”

फोन बंद झाला होता. तिने काकांना घराचा नंबर ओरडून सांगितला, ते गाडीला कळवायला पळाले. तिने पुन्हा फोन लावला. घंटा वाजली. पुन्हा वाजली. तिसरी अर्धीच वाजून थांबली.

“आजी?” ती म्हणाली. “आजी, तुम्ही उचललात ना?”