मुंगीनं नेलेला मासा

ओतूरच्या स्टँडवर एका बिबट्यानं मला आळेफाट्याची गाडी कधी हे विचारलं, ही गोष्ट मी गेली वीस वर्षं सांगतोय. लोक हसतात, चहा पाजतात. त्यामुळं ज्या दिवशी मी शब्दन् शब्द खरं बोललो, त्या दिवशी घरात कुणी मानसुद्धा वर केली नाही.

माझ्या धाकट्या भावाची नात हर्षाली पुण्यात खडे ओळखायला शिकते. अंगठीतले नव्हेत, माशाच्या कानातले. मासा मरतो, त्याचा काटाकुटा विरून जातो, पण कानातला चुन्याचा खडा मातीत टिकतो. तांदळाच्या कणीएवढा. त्याची कड, त्यावरची खाच, पुढची चोच बघायची आणि हा कोण होता ते सांगायचं. हिचे मासे म्हणजे दिवेमासे. खोल समुद्रातले, पोटाखाली दिव्यांची रांग असलेले.

"आमच्या विहिरीत व्हता की एक," मी म्हटलं. "त्याच्या उजेडात मी कांद्याला पाणी भरायचो."

"विहिरीला पाणी कधी व्हतं?" आतून आमच्या कुशाबाईंनी विचारलं. लग्नाला पन्नास वर्षं झाली, पण बाई अजून हिशोबाला पक्की.

मेच्या सुट्टीत हर्षाली कच्छकडची, जुन्या समुद्रतळाची माती घेऊन आमच्याकडे आली आणि पडवीत टेबल मांडून बसली. माती चाळायची, भिंगाखाली ओल्या कुंचल्यानं खडा उचलायचा, काळ्या पट्टीवर डिंकाच्या थेंबानं चिकटवायचा. बाराव्या दिवशी ती किंचाळली. मला वाटलं विंचू.

"आबा, हा कुठल्याच चित्राशी जुळत नाही! खाच मध्येच अरुंद झालीय, खालच्या कडेला तीन दाते. हा मासा आजवर कुणालाच माहीत नाही. दोन कोटी वर्षांनी याला मी नाव देणार."

"माझं दे."

"देईन. पण खडा संग्रहालयात जमा केला तरच नाव लागतं. सोमवारी पुण्याला नेते, मोठ्या यंत्रावर फोटो काढते, मग जमा."

तसा खडा एकच होता. तिचा डिंक संपला होता, म्हणून मला म्हणाली, लाडवाचा डिंक भिजवून द्या. मी दिला. जरा पातळ वाटला, म्हणून त्यात गूळ विरघळवला. गुळानं चिकटत नाही असं जगात काय आहे?

दुपारी ती जेवायला आत गेली. मी बाजेवर पडलो होतो. भिंतीच्या कडेनं एक काळी मुंगी पांढरी कणी घेऊन चालली होती. शेजारी दलीचंदशेठ रोज सकाळी कुंपणापाशी मुंग्यांना पीठसाखर घालतात, त्यांच्या वडलांपासूनचा नेम. त्यामुळं असली मिरवणूक आमच्या पडवीला नवी नाही. उलट मीच तिला म्हटलं, "सांभाळून गं बाय, पुढं कुंपण हाय." ती कुंपणाखालून पलीकडं गेली.

हर्षाली बाहेर आली. पट्टीवर खड्याच्या जागी ओला डाग, आणि त्यात रुतलेल्या दोन मुंग्या.

"मुंगीनं नेला," मी म्हटलं.

"आबा, आज नको."

"आईच्यान! मी डोळ्यानं बघितला."

कुशाबाई टेबलाखाली वाकून फरशी चाचपत होती. "तुमी जरा गप बसा. बिबट्यानं नेला म्हणला न्हाई, हेच लई झालं."

"डिंकात गूळ व्हता. मीच घातला."

हर्षालीनं बोट त्या डागावर टेकवलं आणि जिभेला लावलं. मग माझ्याकडं बघितलं. माझ्यावर कुणी इतका विश्वास ठेवावा, असं मला कधीच वाटलं नव्हतं.

आम्ही कुंपणापलीकडं गेलो. मुंग्यांचं बीळ दिसत होतं, कुदळीचे चार घाव पुरे होते. दलीचंदशेठनी सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडले.

"पोरी, दुकानातलं काय हवं ते उचलून ने. पण ज्यांना रोज खायला घालतो त्यांचं घर कसं खोदू देऊ? अंडी असतील, पिल्लं असतील."

"शेठ, एक मासा हाय आत," मी म्हटलं.

"सयाजीराव, मासा मेला दोन कोटी वर्षांपूर्वी. ह्या जिवंत आहेत."

शेठचे डोळे भरले होते, त्यामुळं भांडणसुद्धा करता येईना. शेवटी शेठाणी जतनबाईंनीच सुचवलं, "खाण्याजोगं नसलं की त्या बाहेर आणून टाकतात. वाट बघा."

मग आम्ही वाट बघितली. सोमवार गेला. पुढचे आठ दिवस रोज सकाळी बिळाच्या तोंडावरची माती जतनबाई पिसानं हलकेच गोळा करायच्या आणि हर्षाली भिंगाखाली एकेक कण बघायची. बाजरीचं फोलपट, बांगडीची काच, वाळू, वाळू, वाळू. शेठ स्वतः उन्हात छत्री धरून उभे राहायचे. एकदा मी म्हटलं, "मासा भुयारातनं समुद्राकडं निघाला आसंल." कुणीच हसलं नाही.

नवव्या दिवशी वळीव आला. अर्ध्या तासात बिळाचं तोंड, ती माती आणि शेठचं पीठ कुंपणाखालून ओघळून रस्त्याच्या गटारात गेलं.

संध्याकाळी हर्षालीनं पुण्याच्या सरांना फोन लावला. फोन टेबलावर ठेवला होता, मलाही ऐकू येत होतं.

"सर, तो खडा मुंगीनं नेला."

"हर्षाली, हे तू पाहिलंस?"

"नाही. आमच्या आबांनी."

"ते काय करतात?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. सांग बाई, शेतकरी आहेत म्हणून सांग.

"गोष्टी सांगतात," ती म्हणाली. पोरगी खोटं बोलत नाही.

"फोटो?"

"मोबाईलवरचा आहे. खाच नीट दिसत नाही."

सर दमल्यासारखे म्हणाले, "खडा नाही तर नाव नाही. यादीत नुसता दिवेमासा लिही. जात निश्चित नाही, असं पुढे टाक. आणि मुंगीचं कुठंच लिहू नकोस."

"पण सर, ते खरं आहे."

"असेल. लिहू नकोस."

फोन बंद झाला. "मी पुण्याला येऊन सांगू का त्येंला?" मी विचारलं.

"नको आबा. तुम्ही तर नकोच," ती म्हणाली, आणि यादीत दिवेमाशापुढं ते तीन शब्द टाईप करू लागली.