लाकडी बैलाशेजारचा दगड

उंद्रीच्या शिवारात गाडीचे दार उघडताच रेवतीच्या कानावर पहिला आवाज आला तो हाड मोडल्याचा. ती मेहकरच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवीत असे; दगड फुटल्याचा आवाज तिच्या ओळखीचा होता. हा तसा नव्हता.

गोठ्यापुढे गजेंद्र पालथा पडला होता. त्याचा चुलतभाऊ हरिओम त्याच्या मनगटावर पाय रोवून उभा होता. हातात कुऱ्हाडीचा दांडा.

"खरा दगड कुठं लपवला, बोल बे!"

"हाच हाये... मायची आन, हाच हाये," गजेंद्र रक्त थुंकत म्हणाला.

मातीत मुठीएवढा काळा दगड पडला होता. तीन दिवसांपूर्वी तो आभाळातून दोघांच्या सामाईक शेतात कोसळला होता; उल्का होती, वजनावर विकली जाणारी. गजेंद्रने फोन केला तेव्हा रेवतीनेच बजावले होते, "हात लावण्याआधी फोटो काढा. शेजारी ओळखीची वस्तू ठेवा, म्हणजे आकार कळेल." गजेंद्रने घरातला लाकडी बैल ठेवला, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं मिरवतात तो. फोटोत दगड बैलाच्या पोटाएवढा दिसत होता. पण गजेंद्रने फोनवर सांगितल्याप्रमाणे त्या घरात बैल दोन होते, एकाच सुताराने एकाच घडणीचे केलेले. एक वीतभर, दुसरा कमरेइतका उंच. हरिओमने फोटोतला बैल मोठाच समजला, म्हणजे दगडही तसाच मोठा, आणि आज हा मुठीएवढा दगड पाहून त्याचे डोके फिरले.

सगळे रेवतीच्या ध्यानात आले तोवर दांडा पुन्हा पाठीत बसला होता.

"हरिओमभाऊ, थांबा! फोटोत कोणता बैल आहे ते तरी बघा."

"मले शिकवू नोको म्याडम! मी त्याच बैलावर बसून लहानाचा मोठा झालो."

गजेंद्रची बायको पुष्पांजली मध्ये पडली होती. तिच्या भुवईतून रक्त ओघळत होते. तिने घरात धाव घेतली आणि लहान बैल काखेत मारून, मोठा ओढत बाहेर आणला. रेवती मातीत बसली. तिने दगड, लहान बैल आणि मोजपट्टी एका ओळीत, कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर मांडली. मागे आणखी एक फटका वाजला. तिने मान वळवली नाही. गजेंद्रच्याच फोटोच्या कोनातून तिने फोनवर फोटो काढला आणि दोन्ही फोटो हरिओमच्या तोंडापुढे धरले.

"हा तडा बघा. इथेही तोच, तिथेही तोच. दगड आठ सेंटिमीटरचा आहे. आता तो मोठ्या बैलापाशी ठेवून बघा."

हरिओमने स्वतः दगड उचलून ठेवला. मोठ्या बैलाच्या खुरापाशी तो खड्यासारखा दिसत होता. बराच वेळ हरिओम वाकून पाहत राहिला. मग दांडा त्याच्या हातातून गळला.

"मंग पहिलेच काऊन नाही सांगितलं बे?"

"सांगून तं राह्यलो होतो," गजेंद्र म्हणाला.

हरिओम गुडघ्यांवर बसला आणि भावाला उठवायला त्याने त्याच्या काखेत हात घातला. गजेंद्रचा डावा हात धड होता. त्याच हाताने त्याने दांडा उचलला आणि हरिओमच्या जबड्यावर हाणला. दात मातीत उडाला. हरिओमने हात आडवा केला नाही. दुसरा फटका कानावर बसला, तरीही नाही.

"धनी, पुरे हो!" पुष्पांजली किंचाळली.

तिसरा फटका रेवतीने कोपरावर घेतला. डोळ्यांपुढे अंधारी आली, पण तिने दांडा पकडला तो सोडला नाही.

"दोघांनाही चिखलीच्या दवाखान्यात न्यायचं आहे," ती दात आवळून म्हणाली. "एक जण माझ्याशेजारी, एक मागे. कोण कुठे, ते मी ठरवणार."

गजेंद्र अजून दांडा ओढत होता.